राउटरला कुलूप लावून कोणाचे रक्षण होते?

घरातल्या वायफाय राउटरचे मूळ फर्मवेअर, म्हणजे त्याला चालवणारे आतले सॉफ्टवेअर, काढून त्या जागी ओपनडब्ल्यूआरटी किंवा डीडी-डब्ल्यूआरटीसारखे मुक्त फर्मवेअर बसवण्याचा विषय निघाला, की तीन इशारे हमखास ऐकू येतात. पहिला असा, की त्याने घराची सुरक्षितता जाते. कंपनीने तपासलेले सॉफ्टवेअर काढून अनोळखी लोकांनी लिहिलेले आपण घरात घेतो. दुसरा, रेडिओ लहरींचे नियम मोडले जातात आणि थेट विमानतळाच्या रडारपर्यंत त्रास पोचतो. तिसरा, राउटर कायमचा बंद पडतो, वॉरंटी जाते, तेव्हा सामान्य माणसाने या भानगडीत पडू नये. हे सांगणाऱ्यांत राउटर विकणाऱ्या कंपन्या आहेत, इंटरनेट पुरवणारे आहेत, आणि एके काळी अमेरिकेची दूरसंचार नियामक संस्थाही होती. हे इशारे कोणी जाणूनबुजून खोटे देते, असा माझा आरोप नाही. पण गेल्या वीस-बावीस वर्षांत प्रत्यक्षात काय घडले याची नोंद सर्वांसमोर आहे. ती वाचली तर पहिले दोन इशारे उलटे ठरतात, आणि तिसऱ्यात जो खरा भाग आहे तो सुधारता येण्याजोगा आहे. घरच्या नेटवर्कला सर्वांत मोठा धोका कंपनीने वाऱ्यावर सोडलेल्या फर्मवेअरपासून आहे. ते बदलताच येऊ नये म्हणून कुलूप लावले, तर तो धोका कायमचा घरात राहतो.

आधी हे मुक्त फर्मवेअर आले कुठून ते पाहू, कारण ‘अनोळखी लोकांनी लिहिलेले’ या आक्षेपाचे उत्तर त्या इतिहासातच आहे. लिंक्सिस कंपनीने २००२च्या अखेरीस डब्ल्यूआरटी५४जी हा निळ्या-काळ्या रंगाचा राउटर बाजारात आणला. पुढल्याच वर्षी सिस्कोने लिंक्सिस विकत घेतली. २००३च्या जूनमध्ये जाणकारांच्या लक्षात आले, की या राउटरच्या आत लिनक्स आहे. लिनक्स जीपीएल परवान्याखाली मिळते. ते वापरून केलेली वस्तू विकायची, तर त्याचा सोर्स कोड मागणाऱ्याला द्यावा लागतो. कंपनीने तो दिला नव्हता. मागणीचा रेटा वाढला आणि कोड खुला करावा लागला. त्याच कोडच्या पायावर २००४मध्ये ओपनडब्ल्यूआरटी उभे राहिले. म्हणजे ज्याला आज ‘बाहेरचे’ म्हणून नाके मुरडली जातात, त्याचे मूळ कंपनीच्या राउटरमध्येच होते, आणि कंपनीने आपला राउटर बांधला तोही जगभरच्या त्याच स्वयंसेवी प्रोग्रामरांच्या कामावर. आजही बाजारातल्या बहुतेक घरगुती राउटरांच्या पोटात लिनक्सच असते. अनोळखी लोकांचा कोड नको असेल, तर कंपनीचे फर्मवेअरही घरात ठेवता येणार नाही. फरक इतकाच, की एका ठिकाणी तो कोड ताजा आणि उघडा असतो, दुसऱ्या ठिकाणी तोच शिळा आणि बंदिस्त.

‘शिळा’ हा शब्द मी रागाने वापरलेला नाही. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेच्या संशोधकांनी २०२०मध्ये सात कंपन्यांच्या १२७ घरगुती राउटरांचे अधिकृत फर्मवेअर तपासले. त्यांपैकी ४६ राउटरांना आधीच्या वर्षभरात सुरक्षेचा एकही अपडेट मिळालेला नव्हता. एक तृतीयांशाहून अधिक राउटरांत लिनक्सची २.६.३६ किंवा त्याहूनही जुनी आवृत्ती होती, आणि त्या आवृत्तीला शेवटची सुरक्षा-दुरुस्ती मिळाली होती २०११मध्ये. सर्वांत जुना नमुना होता लिंक्सिसचाच डब्ल्यूआरटी५४जीएल. त्याच्या अधिकृत फर्मवेअरमधले लिनक्स २००२ सालचे होते. या राउटरची गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी आहे. मूळ मॉडेलची मेमरी कमी करून कंपनीने त्यातले लिनक्स काढून टाकले, तेव्हा मुक्त फर्मवेअर वापरणाऱ्यांसाठी म्हणून २००५मध्ये हे ‘जीएल’ मॉडेल वेगळे काढले गेले, आणि लोक ते दहा वर्षांहून अधिक काळ विकत घेत राहिले. त्याला इतके आयुष्य मिळाले ते आतले फर्मवेअर बदलता येत होते म्हणून. तरीही कंपनीने स्वतः दिलेल्या फर्मवेअरमधले लिनक्स मात्र २००२मध्येच थांबलेले होते.

हे असे का होते, हे समजून घेतले पाहिजे. त्यामागे कोणाचा दुष्टपणा नाही, धंद्याची रचना आहे. राउटर विकणारी कंपनी चिप स्वतः बनवत नाही. ब्रॉडकॉम, क्वालकॉम, मीडियाटेक, रिअलटेक यांसारख्यांकडून ती चिप घेते, आणि चिपबरोबर सॉफ्टवेअरचा एक तयार संच येतो. त्या संचात लिनक्सची कुठली तरी जुनी आवृत्ती गोठवलेली असते, कारण वायफायचा बंदिस्त ड्रायव्हर तेवढ्याच आवृत्तीवर चालतो. राउटर कंपनी त्यावर आपले नाव, आपले रंग आणि सेटिंगची पाने चढवते, माल बाजारात पाठवते आणि पुढच्या मॉडेलला लागते. दीड-दोन हजार रुपयांच्या राउटरवर सुटणारा नफा तुटपुंजा असतो, आणि तो विक्रीच्या दिवशीच संपतो. चार वर्षांनी त्या मॉडेलसाठी नवा लिनक्स तपासून देण्याचे पैसे कंपनीला कोणीच देत नाही. उलट जुना राउटर निकामी ठरला तर नवा खपतो. अशा व्यवस्थेकडून सुरक्षेची अपेक्षा करणे म्हणजे तिच्या स्वभावाविरुद्ध अपेक्षा करणे आहे.

त्याचा परिणाम कसा होतो, याचे सर्वांत बोलके उदाहरण डिसेंबर २०१४मध्ये उघड झालेल्या एका त्रुटीचे आहे. ‘मिसफॉर्च्यून कुकी’ या नावाने ती ओळखली जाते. रॉमपेजर नावाचा एक चिमुकला वेबसर्व्हर असंख्य राउटरांत सेटिंगची पाने दाखवण्यासाठी वापरला जात असे. त्यातल्या त्रुटीमुळे दूरवरून कोणालाही राउटरचा ताबा घेता येत होता. चेक पॉइंट या सुरक्षा कंपनीला १८९ देशांत मिळून सुमारे १ कोटी २० लाख उपकरणे अशी उघडी सापडली. यातली खरी हादरवणारी बाब पुढेच आहे. रॉमपेजर बनवणाऱ्या कंपनीने ती त्रुटी २००५मध्येच दुरुस्त केलेली होती. दुरुस्त आवृत्ती तयार असताना नऊ वर्षे जुनीच आवृत्ती नव्या-नव्या राउटरांत भरून विकली जात होती. चिपवाल्याकडून राउटरवाल्याकडे, तिथून इंटरनेट पुरवठादाराकडे आणि शेवटी ग्राहकाकडे, या साखळीत दुरुस्ती कुठे अडली हे शोधण्याची जबाबदारी कोणाचीच नव्हती. त्याआधी २०१३मध्ये डी-लिंकच्या काही राउटरांत तर ब्राउझरने स्वतःची ओळख म्हणून एक ठरावीक अक्षरमालिका पाठवली, की पासवर्डशिवाय दार उघडत असल्याचे एका संशोधकाने दाखवले होते. ती मालिका उलटी वाचली, की त्यात ‘बॅकडोअर’ हा शब्द सापडत होता. ही चोरवाट कारखान्यातूनच आली होती.

आता प्रत्यक्ष हल्ले पाहू. मे २०१८मध्ये व्हीपीएनफिल्टर या मालवेअरने किमान ५४ देशांत पाच लाखांच्या आसपास उपकरणे ताब्यात घेतल्याचे सिस्कोच्याच तज्ज्ञांनी जाहीर केले. त्यांत नामांकित कंपन्यांचे घरगुती राउटर होते. जानेवारी २०२४मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने सांगितले, की चीनशी संबंधित हॅकरांनी तिथल्या शेकडो छोट्या राउटरांचे जाळे आडोसा म्हणून वापरले. त्यांतले बहुसंख्य राउटर सिस्को आणि नेटगिअरचे होते आणि त्यांचा अपडेटचा काळ संपलेला होता. न्यायालयाची परवानगी घेऊन एफबीआयने दूरवरून त्यांतले मालवेअर पुसले. पण राउटर बंद करून पुन्हा सुरू केला, की तो पुन्हा तितकाच उघडा पडणार होता, कारण मूळ भोक बुजवणारे फर्मवेअर कंपनीकडून येणारच नव्हते. मे २०२५मध्ये एफबीआयने पुन्हा इशारा काढला. या वेळी तेरा जुन्या मॉडेलांची यादीच दिली आणि शक्य तर ते राउटर बदला असे सांगितले. या सगळ्या प्रकरणांत राउटर फोडले गेले ते कंपनीच्या फर्मवेअरमधल्या त्रुटींमुळे आणि रद्द झालेल्या पाठिंब्यामुळे. ‘कंपनीचे आहे ते राहू द्या’ हा सल्ला पाळणारी घरेच यात बळी पडली.

दुसऱ्या बाजूला मुक्त फर्मवेअर कसे वागले? ऑक्टोबर २०१७मध्ये बेल्जियमचे संशोधक माथी व्हानहोफ यांनी ‘क्रॅक’ हा हल्ला उघड केला. वायफायच्या डब्ल्यूपीए-टू या सुरक्षा पद्धतीतच तो दोष होता, त्यामुळे जवळपास प्रत्येक वायफाय उपकरण त्याच्या कक्षेत येत होते. ओपनडब्ल्यूआरटीतून त्या काळात वेगळा झालेला आणि पुढे २०१८मध्ये पुन्हा त्यातच मिसळलेला लीडे हा प्रकल्प होता. त्याची दुरुस्त आवृत्ती त्याच आठवड्यात आली, आणि ती एकाच वेळी त्याच्या पाठिंब्यातल्या शेकडो मॉडेलांसाठी आली. हे शक्य होते ते रचनेमुळे. तिथे प्रत्येक मॉडेलचे वेगळे गोठलेले फर्मवेअर नसते. एकच मूळ कोड असतो आणि त्यातून प्रत्येक उपकरणासाठी प्रत तयार होते. एका जागी केलेली दुरुस्ती सगळ्यांना पोचते. कंपनीने पाच वर्षांपूर्वी सोडून दिलेल्या राउटरलाही ती मिळते, कारण त्या राउटरची देखभाल करण्यात कोणाचा तरी व्यापारी तोटा होईल असा प्रश्नच तिथे नसतो.

यावर जाणकार विरोधक एक योग्य प्रश्न विचारतात: मग मुक्त फर्मवेअरमध्ये त्रुटी नसतात का? असतात, आणि गंभीरही असतात. डिसेंबर २०२४मध्ये ओपनडब्ल्यूआरटीच्या अपडेट तयार करून देणाऱ्या ऑनलाइन सेवेतच दोष सापडला. मागणीची ओळख पटवणारा हॅश बारा अक्षरांपर्यंत छाटला जात होता, आणि दुसऱ्या एका दोषाशी त्याची सांगड घालून हल्लेखोराला खऱ्या फर्मवेअरऐवजी स्वतःचे फर्मवेअर लोकांपर्यंत पोचवता आले असते. अपडेटची वाटच विषारी होणे याहून वाईट काही असू शकत नाही. पण पुढे काय झाले तेही पाहावे. संशोधकाने कळवल्यावर काही तासांत सेवा थांबवून दुरुस्त करण्यात आली, काय घडले ते सविस्तर जाहीर झाले, आणि वापरकर्त्यांना खबरदारी म्हणून पुन्हा अपडेट करण्यास सांगण्यात आले. दोष नसणे ही सुरक्षेची कसोटी कुठल्याच सॉफ्टवेअरला पार करता येणार नाही. दोष सापडल्यावर तो किती वेळ उघडा राहतो आणि त्याबद्दल किती खरे सांगितले जाते, ही कसोटी आहे. एकीकडे काही तास, दुसरीकडे नऊ वर्षे. हा फरक पाहूनही कोणी पहिल्याला बेजबाबदार म्हणत असेल, तर त्याने जबाबदारीची आपली व्याख्या सांगावी.

आता दुसऱ्या इशाऱ्याकडे, रेडिओच्या नियमांकडे वळू. हा आक्षेप कुलूपवाल्यांचा सर्वांत वजनदार आहे, म्हणून त्याला वेळ देणे योग्य. मूळ चिंता खरी होती. विमानतळांजवळ वाऱ्यातले अचानक बदल टिपणारी डॉप्लर हवामान रडारे ५६०० ते ५६५० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात, आणि पाच गिगाहर्ट्झचे वायफाय त्याच परिसरात फिरते. रडारचा संकेत कळताच वायफायने ती वाहिनी सोडावी असा नियम आहे. प्वेर्तो रिकोतल्या सान हुआन विमानतळाच्या रडारला असा उपद्रव झाला होता, आणि एफसीसी या अमेरिकेच्या दूरसंचार नियामक संस्थेने तिथल्या कंपन्यांना दंडही केले होते. पण त्या कंपन्या होत्या वायरलेस इंटरनेट पुरवणाऱ्या. छपरा-टेकड्यांवर बसवलेली त्यांची ती व्यावसायिक उपकरणे होती. दिवाणखान्यातल्या राउटरवर कोणी ओपनडब्ल्यूआरटी बसवले म्हणून ते रडार आंधळे झालेले नव्हते. तरीही २०१४मध्ये पाच गिगाहर्ट्झसाठी नवे नियम झाले, आणि मार्च २०१५च्या मार्गदर्शक सूचनांत एफसीसीने उत्पादकांना विचारले, की डीडी-डब्ल्यूआरटीसारखे फर्मवेअर बसवता येऊ नये म्हणून तुम्ही काय केले आहे ते सविस्तर लिहा. एका मुक्त प्रकल्पाचे नाव घेऊन सरकारी संस्थेने दार बंद करायला सांगितले.

त्यावर जो प्रतिवाद झाला तो वाचण्यासारखा आहे. ऑक्टोबर २०१५मध्ये डेव्ह टॅट आणि इंटरनेटच्या जनकांपैकी एक असलेले व्हिंट सर्फ यांच्यासह अडीचशेहून अधिक तज्ज्ञांनी एफसीसीला पत्र लिहिले. ‘आमच्या छंदाला हात लावू नका’ अशी विनवणी त्यात नव्हती. त्यांनी उलटी मागणी केली: राउटरच्या सॉफ्टवेअरचा सोर्स कोड कंपन्यांनी तपासणीसाठी खुला करावा, त्रुटी कळल्यापासून ४५ दिवसांत दुरुस्ती द्यावी, आणि मालकाला स्वतः दुरुस्ती बसवता यावी. नियम पाळले जातात की नाही हे पडताळायचे असेल तर कोड दिसायला हवा, हा त्यांचा मुद्दा होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये एफसीसीने सूचना बदलल्या. डीडी-डब्ल्यूआरटीचे नाव गेले, आणि मुक्त फर्मवेअरवर सरसकट बंदीचा आपला हेतू नसल्याचे संस्थेने स्पष्ट केले. तोवर नुकसान मात्र सुरू झाले होते. फक्त रेडिओचा भाग वेगळा बंद करण्यापेक्षा सगळाच राउटर बंद करणे कंपन्यांना स्वस्त पडते. टीपी-लिंकने २०१६मध्ये अमेरिकेतल्या राउटरांना तसे कुलूप लावायला सुरुवात केलीच.

आणि १ ऑगस्ट २०१६ रोजी काय झाले? एफसीसीने टीपी-लिंककडून दोन लाख डॉलरांची तडजोड वसूल केली. गुन्हा असा, की कंपनीच्या काही राउटरांत देशाची सेटिंग बदलून २.४ गिगाहर्ट्झवर परवानगीपेक्षा जास्त शक्तीने प्रसारण करता येत होते. ही सोय कंपनीच्या स्वतःच्या फर्मवेअरमध्ये होती. ज्या कारणाने मुक्त फर्मवेअरला दाराबाहेर काढले गेले, तोच नियमभंग कारखान्यातून निघालेल्या सॉफ्टवेअरने केला होता. तडजोडीच्या अटींत आणखी एक कलम होते: कंपनीने मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पांबरोबर आणि चिप उत्पादकांबरोबर काम करून आपल्या राउटरांवर बाहेरचे फर्मवेअर चालेल याची वाट शोधावी. नियामकानेच अखेर मान्य केले, की लहरींचे नियम आणि मालकाचे स्वातंत्र्य एकत्र नांदू शकतात. ओपनडब्ल्यूआरटीतही देशागणिक मर्यादांची यादी असते आणि ती ड्रायव्हर पाळतो. प्रत्येक उपकरणाचे रेडिओ-कॅलिब्रेशन वेगळ्या भागात राखलेले असते. मुद्दाम नियम मोडायला निघालेला माणूस काहीही करील, पण त्याच्यासाठी कायदा आणि दंड आहेतच. योगायोग असा, की त्याच १ ऑगस्ट २०१६ला जर्मनीत नवा कायदा लागू झाला. इंटरनेट पुरवठादाराने आपलाच राउटर ग्राहकाच्या माथी मारायचा नाही, ग्राहकाला स्वतःचा निवडता आला पाहिजे, असे त्या कायद्याने ठरवले.

कुलूपवाद्यांच्या हिशेबात न येणारी आणखी एक गोष्ट आहे, आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. बदलता येणाऱ्या राउटरांवरच इंटरनेट सुधारले. घरात एकाने मोठी फाइल अपलोड करायला घेतली, की दुसऱ्याचा व्हिडिओ कॉल अडखळतो, हा अनुभव घरोघरी आहे. लोक समजतात स्पीड कमी पडला आणि महागडा प्लॅन घेतात. खरे कारण बहुतेकदा वेगळे असते: राउटर आणि मोडेम आपल्या पोटात गरजेपेक्षा कितीतरी मोठी रांग साठवतात आणि छोटे, तातडीचे पॅकेट त्या रांगेमागे उभे राहते. जिम गेटिस यांनी या आजाराला ‘बफरब्लोट’ हे नाव दिले. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२मध्ये त्यावर कोडेल ही पद्धत मांडली, एरिक डुमाझे यांनी तिला एफक्यू-कोडेलचे रूप दिले, आणि २०१८मध्ये ती अधिकृत इंटरनेट दस्तऐवजात नोंदली गेली. हे सगळे प्रयोगशाळेत कागदावर राहिले असते. ते खऱ्या घरांत, खऱ्या तारांवर तपासले गेले ते सेरोडब्ल्यूआरटी या ओपनडब्ल्यूआरटीवर बेतलेल्या प्रयोगी फर्मवेअरमुळे. त्या काळी सगळे राउटर बंदिस्त असते तर हा उपाय कशावर तपासला असता?

भारतापुरते बोलायचे तर धरमशालेचे उदाहरण माहीत असायला हवे. २००५च्या सुरुवातीस भारतात घराबाहेरच्या वायफायवरचे परवाना-बंधन सैल झाले आणि लगेच तिथल्या तिबेटी संस्थांना, शाळांना जोडणारे डोंगरी जाळे उभे राहू लागले. पुढे ते एअरजल्दी या नावाने वाढले. त्याचे दुवे बनले होते त्याच डब्ल्यूआरटी५४जीच्या बोर्डांपासून. हवामानाला टिकतील अशा डब्यांत बसवलेले आणि आतले फर्मवेअर बदललेले. महागडी दूरसंचार यंत्रणा परवडत नाही तिथे घरगुती राउटर मेश-जाळ्याचा खांब बनला, कारण त्याला नवे काम शिकवता आले. आपल्या सह्याद्रीच्या किंवा मेळघाटातल्या एखाद्या शाळेने, ग्रामपंचायतीने उद्या असे काही करायचे ठरवले, तर तिच्या हाती येणारा राउटर उघडा असेल की कुलूपबंद, यावर ते होणार की नाही हे ठरेल.

आता तिसरा इशारा: राउटर मरतो आणि हे सामान्य माणसाचे काम नाही. यातला अर्धा भाग मला मान्य आहे. चुकीची फाइल टाकली किंवा लिहिता-लिहिता वीज गेली, तर राउटर सुरू होत नाही. एकाच नावाच्या मॉडेलच्या पहिल्या आणि तिसऱ्या आवृत्तीत वेगवेगळ्या चिप असतात, आणि खालच्या लेबलवरचा तो लहान आकडा न पाहता घाई केली तर फजिती ठरलेली. चार मेगाबाइट फ्लॅश आणि बत्तीस मेगाबाइट रॅम असलेल्या जुन्या राउटरांना ओपनडब्ल्यूआरटीनेही निरोप दिलेला आहे, कारण आजचे लिनक्स त्यात मावत नाही. ब्रॉडकॉमचे वायफाय असलेल्या अनेक राउटरांवर ड्रायव्हर बंदिस्त असल्याने मुक्त फर्मवेअर नीट चालत नाही. काही राउटरांवर कंपनीच्या फर्मवेअरमधली खास वेगवर्धक सोय गमावल्याने गिगाबिट जोडणीचा पूर्ण वेग मिळत नाही, हेही लपवू नये. आणि कुठल्या तरी संकेतस्थळावर कोणी ठेवलेले, नाव-गाव नसलेले फर्मवेअर बसवणे तर कंपनीचे ठेवण्याहूनही वाईट. फर्मवेअर प्रकल्पाच्या अधिकृत जागेवरूनच घ्यावे, चेकसम जुळवून घ्यावा, इन्व्हर्टर असेल तर त्यावर राउटर जोडून, वायफायऐवजी केबलने काम करावे.

पण या अडचणींचे कारण काय आहे तेही विचारले पाहिजे. राउटर ‘मरतो’ तेव्हा त्याचे हार्डवेअर क्वचितच बिघडलेले असते. त्याला परत उभे करायची सोय उत्पादकाने दिलेली नसते किंवा लपवलेली असते. ज्यांनी ती दिली त्यांच्या राउटरवर बूटलोडरच्या, म्हणजे राउटर सुरू करून देणाऱ्या मूळ प्रोग्रामच्या, मार्गाने नवी फाइल चढवून काही मिनिटांत तो पुन्हा चालू होतो. ही सोय अवघड नाही याचा पुरावा नोव्हेंबर २०२४मध्ये आला. सॉफ्टवेअर फ्रीडम कन्झर्व्हन्सी ही संस्था आणि हार्डवेअर बनवणारी बनाना पाय यांच्या साहाय्याने ओपनडब्ल्यूआरटीने स्वतःचा ‘ओपनडब्ल्यूआरटी वन’ हा राउटर ८९ डॉलरला काढला. त्यात रोजच्या फर्मवेअरसाठी एक आणि संकटकाळी परत उभे राहण्यासाठी दुसरी, अशा दोन वेगळ्या फ्लॅश चिप आहेत. एक छोटे बटण सरकवले की तो दुसऱ्या चिपवरून सुरू होतो. छोटासा स्वयंसेवी प्रकल्प हे करू शकतो, तर अब्जावधींचा धंदा करणाऱ्या कंपन्यांना का जमू नये? राउटर मरण्याचा धोका हे कुलूप लावण्याचे कारण होऊ शकत नाही; तो उत्पादकाने दुरुस्त करायचा दोष आहे.

‘सामान्य माणसाला जमणार नाही’ हे विधान तर मला अपमानकारक वाटते, आणि त्याहून जास्त, ते चुकीच्या प्रश्नाचे उत्तर आहे. प्रत्येकाने फर्मवेअर बदलावे असे मी म्हणतच नाही. बहुतेक लोक मोटारसायकलचे इंजिन स्वतः उघडत नाहीत, पण गल्लीतल्या मेकॅनिकला ते उघडता येते म्हणूनच जुनी गाडी रस्त्यावर राहते. राउटरच्या बाबतीत तो मेकॅनिक म्हणजे संगणक दुरुस्तीचे दुकान, नेटचे काम करणारा केबलवाला, शेजारची अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, शाळेतला तंत्रज्ञ. कुलूप लागले की त्या सगळ्यांचे हात बांधले जातात आणि ज्याला स्वतः काही येत नाही त्याचाच शेवटचा आधार जातो. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२मध्ये दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू केले. शेतीची अवजारे, मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहने अशी चार क्षेत्रे त्यासाठी निवडली गेली. दुरुस्ती म्हणजे फक्त स्क्रू, बॅटरी आणि स्पेअर पार्ट एवढाच अर्थ घेतला, तर राउटरसारख्या वस्तूला तो हक्क लागूच होणार नाही, कारण राउटर आधी बाद होतो तो त्याच्या सॉफ्टवेअरने. चिप, अँटेना, अ‍ॅडॉप्टर सगळे ठीक असताना तो कचऱ्यात जातो.

फायबरच्या जोडणीबरोबर पुरवठादार देतो तो डबा बहुतेकांना बदलता येत नाही, कारण त्याच्या चाव्या पुरवठादाराकडे असतात आणि तो तिथून दूरवर चालवला जातो. तिथेही मार्ग आहे. त्या डब्याला फक्त जोडणी आणण्याचे काम द्यावे, आणि घरचे वायफाय, फायरवॉल, मुलांसाठीचे निर्बंध हे सगळे त्यामागे लावलेल्या आपल्या राउटरवर, आपल्या निवडीच्या फर्मवेअरवर ठेवावे. पुरवठादाराने ही सोय, म्हणजे ब्रिज मोड, नाकारली तर लेखी मागावी. अपडेटची जबाबदारी कंपनीवर टाकणारे कायदेही इतरत्र होऊ लागले आहेत. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२४पासून असा कायदा लागू आहे, की घरगुती जोडणी-उपकरणांना सरसकट एकच पासवर्ड देता येणार नाही आणि सुरक्षेचे अपडेट कधीपर्यंत मिळतील हे उत्पादकाला आधीच सांगावे लागते. युरोपीय संघाच्या सायबर रेझिलियन्स कायद्याची मुख्य बंधने डिसेंबर २०२७पासून लागू होतील. भारतात राउटरच्या खोक्यावर अँटेना किती आणि वेग किती हे ठळक छापलेले असते. अपडेट किती वर्षे मिळणार हे मात्र कुठेच नसते.

म्हणून मागणी दोन ओळींची आहे. भारतात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक घरगुती राउटरच्या खोक्यावर सुरक्षा-अपडेट कुठल्या तारखेपर्यंत मिळतील हे छापलेले असावे. आणि ती तारीख उलटली, की कंपनीने त्या मॉडेलचे बूटलोडर उघडून मालकाला दुसरे फर्मवेअर बसवण्याचा मार्ग जाहीर करावा; रेडिओची मर्यादा वेगळी राखता येते हे टीपी-लिंक प्रकरणाने सिद्ध केलेले आहे. ग्राहक पंचायतींनी आणि दुरुस्तीच्या हक्कासाठी काम करणाऱ्यांनी ही मागणी उचलावी. तोवर वाचकांनी एवढे करावे: नवा राउटर घेण्याआधी ओपनडब्ल्यूआरटीच्या उपकरण-यादीत त्याचे मॉडेल आणि आवृत्ती शोधावी, आणि तिथे नसेल तर तो घेऊ नये.